रविवारी दहा ते अकरा

नेटचा स्पीड वाढवून काय दिवे लावणार आहात, असं मी कोणालाही विचारत नाही. तो हक्क मी आरमोरीत घालवून बसलो आहे.

मी तिथे शाळेत मास्तर होतो. गल्लीत फोन एकट्या आमच्याकडे, म्हणून तो सगळ्यांचाच पीपी नंबर. शेजारणीचा नवरा सिरोंच्याच्या पलीकडे मिरची तोडायला गेला होता. दर रविवारी दहा ते अकराच्या दरम्यान तो तिथल्या एसटीडी बूथवरून फोन करायचा. ती आधीच येऊन आमच्या पायरीवर बसायची. हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही, ही गल्लीची रीतच होती.

त्याच वर्षी मी कॉम्प्युटर घेतला. नेट फोनच्याच तारेवर चालायचं. ते लावलं की मोडेम किंचाळायचा आणि तेवढा वेळ फोन बंद. एका रविवारी मी वाघाचा फोटो उतरवत बसलो. आमच्या तालुक्यात वाघ बघायला नेट लागत नाही, पण नव्या खेळण्यापुढे मी अक्कल गहाण ठेवली होती. वाघ वरून खाली इंचाइंचाने उतरत होता. कान आले, डोळे आले, मिशांपाशी लाईन तुटली. मी चिडून पुन्हा पहिल्यापासून लावलं. भानावर आलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पायरीवर कोणी नव्हतं. आज ती आलीच नसेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मंगळवारी तिचा नवरा तिकडेच वारला. सोबतचे मजूर परतले तेव्हा सगळं कळलं. तापाने फणफणलेला असूनही तो रविवारी बूथपर्यंत चालत गेला होता. घरून कोणीतरी न्यायला यावं, एवढंच त्याला सांगायचं होतं. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा एंगेज. हे ऐकताना मी तिच्या शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

त्यानंतर रविवारी दहा वाजले की तो एंगेजचा आवाज माझ्या कानात सुरू व्हायचा. मी तर तो ऐकलाही नव्हता. ऐकला होता त्याने.

काही वर्षांनी ब्रॉडबँड आलं. वेग किती हे मी विचारलंसुद्धा नाही. नेट चालू असताना फोन लागतो, एवढं ऐकून पहिल्याच आठवड्यात घेतलं. लाईनमन गेल्यावर शेजारणीला आत बोलावून दाखवलं आणि तोंडातून निघूनच गेलं, "बाई, त्या रविवारी मी नेटवर होतो. म्हणून त्याचा फोन लागला नाही."

"मले मालूम हाय, गुरुजी," ती म्हणाली. "मशीनचा आवाज येत होता. मी पायरीवरच बसून होती, अकरा वाजेपर्यंत."

"मग मला हाक का नाही मारली?"

"फोन तुमचा. तुमी काम करून राह्यले होते, मधात कशी बोलू? जरुरी काम असंन ना, गुरुजी?"

मी "हो" म्हणालो.