लाल घरातली अळी

मी वाचायला शिकलो ते मोर्च्याच्या पत्रकांवर. म्हणून मला बहुतेक गोष्टी घोषणेसारख्या दिसतात. नाल्यातली अळीही तशीच दिसली.

माझी मोठी बहीण दुर्गच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आम्ही भंडाऱ्याकडचे, बाबा पोलादाच्या कारखान्याच्या बांधकामावर लागले तेव्हापासून मजुरांच्या कॅम्पात राहतो. सुटीच्या दिवशी ताई साडी खोचून रेल्वेपुलाखालच्या नाल्यात उतरायची आणि दगड उलटून बघायची. तिथं तिला कॅडिसफ्लायच्या अळ्या सापडल्या. ही माशी दिसते लहान पतंगासारखी, पण तिची अळी पाण्यात वाढते आणि तोंडातल्या रेशमानं वाळूचे कण चिकटवून अंगाभोवती नळीसारखं घर बांधते. या अळ्यांची घरं गडद लाल होती. ताईच्या एकाही पुस्तकात तसं घर नव्हतं. तिनं नव्या जातीच्या वर्णनाचा मसुदा लिहायला घेतला. पहिलं लक्षण: घर लाल.

मी हरखलो. पोलादाच्या गावात लाल झेंड्याच्या रंगाचं घर बांधणारी मजूर अळी! "नाव मी ठेवतो," मी म्हटलं.

"बारसं मागून. आधी जन्मली का ते पाहू दे," ताई म्हणाली.

पुढच्या सुटीत ती पाण्यात असताना पुलावरून लोहखनिजाची मालगाडी गेली. खाली लाल भुकटी पडली, तिच्या केसांवर, खांद्यावर, पाण्यात. ताई लाल झालेल्या पदराकडे पाहत उभी राहिली. मग अळ्या बरणीत घालून घरी आली.

गवताच्या काडीनं मागून हलकेच ढकलून तिनं अळ्या घराबाहेर काढल्या आणि शिवनाथ नदीच्या धुतलेल्या पांढऱ्या वाळूत सोडल्या, आईच्या परातीत.

"परात कावून अडकवून ठेवली वो? कणीक का डोक्यावर मळू?" आई म्हणाली.

दोनेक दिवसांत अळ्या पांढऱ्या घरांत बसल्या होत्या. ताईनं आईला बोलावून दाखवलं.

"मंग? आपण इथं आलो तवा मशिनीच्या खोक्यांच्या फळ्यांचं घर ठोकलं होतं," आई म्हणाली. "तेवढ्यानं आपण खोके झालो का?"

ताई हसली आणि तिनं पहिलं लक्षण स्वतःच्या हातानं खोडलं. मलाच राहवलं नाही. "लाल घर गेलं, तर तुह्याजवळ उरलं काय?"

"नर," ती म्हणाली.

या माशीची जात नराच्या पोटाच्या टोकावरून ओळखतात. ताईनं काही अळ्या माशी होईपर्यंत वाढवल्या. संध्याकाळी नाल्याकाठी कंदिलामागं पांढरं धोतर टांगून आणखी माश्या धरल्या. माद्याच जास्त. जे थोडे नर मिळाले, त्यांची टोकं तिनं कॉस्टिक पोटॅशमध्ये पारदर्शक केली आणि कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली ठेवून चित्रं काढली. नराच्या टोकाला मादीला धरायचा चिमटा असतो, त्याला दोन फाटे होते. पुस्तकातल्या चित्रांत एकच.

"आता छापून टाक," मी म्हटलं.

"आणि कलकत्त्याला ती आधीच बाटलीत बसून असली तर?"

संग्रहालयातल्या नमुन्यांशी ताडून पाहायला ती थर्ड क्लासनं कलकत्त्याला गेली. तिथं तसाच एक नर निघाला असता, तर सगळी मेहनत दुसऱ्याच्या नावावर आधीच लिहिलेली ठरली असती. जाताना ती हे जाणून होती. सभांमधून मी निर्भय माणसं पुष्कळ पाहिलीत. आपलंच म्हणणं खोटं ठरेल का ते पाहायला एवढ्या लांब जाणारं मी दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

दुर्ग स्टेशनावर उतरली तेव्हा नमुन्यांची पेटी तिनं छातीशी धरली होती.

"काय झालं?"

"चहा तर पाज." अर्धा कप संपल्यावर म्हणाली, "तसा एकबी नाही तिथं."

मी सुचवलेली तेजस्वी नावं तिनं ऐकून घेतली आणि अळीला नाल्याचं नाव दिलं. छापलेल्या वर्णनात नराच्या टोकाचीच पानं आहेत. अगदी शेवटी एक वाक्य येतं: पुलापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला अळ्यांची घरं साध्या वाळूची, खालच्या अंगाला लोहखनिजाची. एवढंच. मी ते वाक्य आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग पुन्हा एकदा, माझ्यासाठी.