मेहुण्याने आखलेली शर्यत

सर्व संबंधितांना, म्हणजे मला, माझ्या बायकोला आणि होटगी रोडच्या मैदानावर त्या रविवारी घाम गाळलेल्या प्रत्येक मोटारचालकाला, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मंडप-डेकोरेशनवाल्या माणसाच्या हाती गाड्यांच्या शर्यतीची आखणी कधीही देऊ नये. तो माणूस तुमचा सख्खा मेहुणा असेल, तर मुळीच देऊ नये.

ऑटोक्रॉस हा खरं तर साधा खेळ. मोकळ्या मैदानात ट्रॅफिकवाल्यांकडे असतात तसले नारिंगी कोन मांडून वाट करायची आणि घरच्याच गाडीने, एकेकाने, घड्याळ लावून ती पार करायची. कोन पडला की दंड, वाट चुकली की फेरी बाद. आम्ही काही हौशी मंडळी सुट्टीला हा उद्योग करतो. चांगली आखणी कोणती, तर जी स्टिअरिंगमागे बसलेल्याला दिसते. एका वळणातून निघताना पुढचं वळण नजरेत आलं पाहिजे. गाडीला जरा पळू द्यावं, मग वाकवावं. आणि शेवटी वेग आपसूक उतरावा. समोर खांब नको, भिंत नको, माणूस तर नकोच नको.

मेहुण्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे ड्रोन होता.

मैंदर्गीला त्याचा मंडपाचा धंदा. कोन, माईक, सगळं आपलंच आणतो म्हणाला. अट एकच, आखणी त्याची. सकाळी मैदानावर पोचलो आणि पाहतो तो काय! प्रत्येक कोनाच्या गळ्यात झेंडूची माळ. जमिनीवर पांढऱ्या फक्कीची नक्षी. शेवटच्या रेषेच्या नाकासमोर गालिचा, त्यावर मखमली सोफा आणि सोफ्यावर फेटा बांधलेले प्रमुख पाहुणे, नातेपुत्याचे एक बागायतदार. हे काय आहे, असं विचारल्यावर मेहुण्याने मोबाईलवर वरून काढलेलं चित्र दाखवलं. मोर होता. पिसारा फुलवलेला, चादरीवर असतो तसा. गाडीने प्रत्येक पिसात शिरून बाहेर यायचं, मानेतून सुसाट सुटायचं आणि चोचीतून निघून पाहुण्यांपुढे थांबायचं. मोर पाहुण्यांना वंदन करतो, अशी कल्पना. गाडी थांबली नाही तर मोर पाहुण्यांना गिळेल, असं मी म्हटलं. त्याला ती दाद वाटली.

मी ड्रायव्हरच्या उंचीवर उकिडवा बसून पाहिलं. मोर कुठला? झेंडूचा बाजार भरला होता नुसता.

शर्यतीआधी सगळ्यांनी ती वाट एकदा पायी फिरायची, हा आमचा नियम. तोही या गृहस्थाने मोडला. फक्कीत पावलं उमटतात, शॉट खराब होतो, म्हणे. हे ऐकून सगळ्यांत जास्त चेहरा उतरला तो माझ्या बायकोचा. ती पन्नाशीत गाडी शिकली आणि शिकल्या-शिकल्या तिने माहेरचं फाटक पाडलं. तेव्हापासून तिचा हा भाऊ प्रत्येक बारशा-लग्नात ते फाटक पुन्हा पाडून दाखवतो, आवाजासकट. नंबर येवो न येवो, भावासमोर एक फेरी न चुकता, कोन न पाडता काढायची, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी महिनाभर ती मला शेजारी बसवून रिकाम्या मैदानात बादल्यांभोवती गाडी फिरवत होती.

स्पर्धा सुरू झाली आणि किळस यावी असा तमाशा झाला. पहिला गडी एकाच पिसात दोनदा शिरला. दुसरा थेट चहाच्या टेबलापाशी निघाला. तिसऱ्याच्या चाकात झेंडूची माळ अडकली ती निघेना. सगळ्यांच्या फेऱ्या बाद. ड्रोन वर घोंगावत होता आणि मेहुणा माईकवरून सांगत होता की मोर अप्रतिम दिसतोय.

मग बायकोचा नंबर आला. ती नीट निघाली, पण पिसाऱ्याच्या मध्यावर गाडी थांबली.

"मंडळी, आमची अक्का हरवली," मेहुणा माईकवर म्हणाला. "आता फाटक कुठं मिळतंय बघू."

लोक हसले. तिने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, ओढणी कमरेला बांधली आणि खाली उतरली. घड्याळ चालू होतं. ड्रायव्हरने उतरू नये, असं आमच्या नियमांत कुठेच नव्हतं. उरलेली पिसं ती एकेक करून चालली. जिथे घोळ वाटला तिथे मागे येऊन पुन्हा चालली, चपलांनी फक्की विस्कटत. मग मान, मग चोच, मग थेट सोफ्यापुढे उभी राहिली आणि पाहुण्यांना हात जोडून बाजूला व्हायची विनंती केली. पाहुणे शहाणे निघाले. विनाचौकशी उठले आणि दोन माणसांकडून सोफाही उचलवला.

ती परत गाडीत बसली. तिथून पुढे एकही चूक नाही. प्रत्येक पिसातून आत-बाहेर, चाकांनी उरलीसुरली फक्की पुसत, मानेतून मात्र सणसणीत सुटली, आणि चोचीतून निघून थांबली तेव्हा पुढची चाकं गालिच्यावर होती, आधी सोफा होता बरोबर त्या जागी. एकही कोन पडला नव्हता. वेळ दिवसातली सगळ्यांत वाईट आणि बाद न झालेली फेरी तेवढीच एक. पाहुण्यांनी आधी टाळी वाजवली, मग सगळ्या मैदानाने.

मेहुण्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो मोबाईलवर ड्रोनचं चित्र बघत होता, माईक चालूच होता, आणि सगळ्या मैदानाला ऐकू गेलं:

"अक्का, मोराची कोंबडी केलीस की गं!"