बोथट आऱ्या

नाशिकरोडच्या नवसाबाई चपलांसाठी चामडं निवडताना जेवढ्या चौकशा करतात, तेवढ्या लेकीसाठी स्थळ बघणाराही करत नाही. आधी घडी घालून भेगा पडतात का ते बघायचं. मग पाण्याचा थेंब टाकायचा. मुरला तर चामडं खरं, घरंगळला तर वरून प्लास्टिकचा मुलामा. शेवटी डोळे मिटून चिमटीत चोळायचं. नवऱ्यानं त्यांना ही पारख शिकवली. तो गेल्यावर दुकान त्याच चिमटीवर चाललं.

पारख लागतेच, कारण शुगरनं ज्यांचे पाय बधिर झालेत अशांसाठीच त्या चपला करतात. तसल्या पायाला आतली शिवण टोचली तरी कळत नाही, जखम मात्र चिघळते. नांदगावच्या गोजराबाईंची करंगळी बाजारच्या चपलेपायी अशीच काढावी लागली होती. त्या शनिवारी नवा जोड न्यायला येणार होत्या. एक चप्पल शिवून झाली आणि नवसाबाईंची भोकं पाडायची आरी मोडली.

म्हणून गुरुवारी सून छायाला घेऊन त्या भद्रकालीत हर्षलच्या चामड्याच्या दुकानात आल्या. वर्षभरात तीन व्यापारी त्यांनी सोडले होते. "समदं चामडं हाताला सारखंच लागतंय," ही त्यांची तक्रार. व्यापारी पाठीमागे म्हणत, नाचता येईना अंगण वाकडं. हर्षल त्यांना मावशी म्हणायचा आणि ऐकून घ्यायचा, एवढाच तो बरा.

त्यानं अस्तराचं फिकं, मऊ चामडं पसरलं, त्यावर आऱ्या मांडल्या. नवसाबाईंनी एक उचलून टोक बोटाच्या पेराला लावलं. ही त्यांची जुनी परीक्षा.

"बोथट."

दुसरी घेतली. "ही बी बोथट. शेठ, आरी मागितली मी, खिळा नाय."

छाया हसली. तिसरी त्यांनी अंमळ जोरानंच दाबली आणि नाक मुरडलं.

"मावशी," हर्षल हळूच म्हणाला, "रक्त आलंय."

फिक्या चामड्यावर तीन थेंब पडले होते. नवसाबाई बोटाकडे बघत राहिल्या. टोचलेलं कळत नाही, हे त्यांनी शेकडो गिऱ्हाइकांकडून ऐकलं होतं. त्यावर काय विचारायचं, तेही ठरलेलं होतं. आज ते छायानं विचारलं.

"आई, किती दिवसांपासून?"

"माल खराब झाला तवापासून," नवसाबाई म्हणाल्या.

मग त्या घाबरल्या. आपल्यालाही शुगर आहे, हे त्यांना नंतर आठवलं. आधी आठवली ती गोजराबाईंची शिवून झालेली चप्पल. ती याच बोटांनी तपासली होती.

"तिन्ही आऱ्या बांध," त्या हर्षलला म्हणाल्या. "आन् हे चामडंबी."

"डाग पडलाय, मावशी. दुसरं देतो ना."

"दुसरं दे गोजराबाईच्या जोडाला. हेबी ऱ्हाऊ दे."

घरी येताच त्यांनी ती चप्पल उचलली आणि आतली बाजू गालावर घासली. पट्ट्याखाली दोऱ्याची गाठ राहिली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी, टणक. त्यांना रडूच फुटलं. मग डोळे पुसून त्यांनी शिवण उसवायला घेतली. दोन दिवस छाया शिवत होती आणि त्या एकेक टाका गालाला लावून बघत होत्या. दोनदा पुन्हा उसवायला लावलं. छाया चिडली नाही.

शनिवारी गोजराबाई जोड घालून दुकानभर चालल्या. "काय टोचत नाय बाई," म्हणाल्या.

"तुम्हाला कळायचं नाय. आम्ही बघितलंय," नवसाबाई म्हणाल्या. "रोज पाय तेवढा बघत जा."

गोजराबाई गेल्यावर त्यांनी मापाचा कागद जमिनीवर अंथरला. डागाचं चामडं शेजारी ठेवलं, पायातली जुनी वहाण काढली आणि पाऊल कागदावर टेकवलं. छायानं पेन्सिल हातात घेतली. तिनं आधी पाऊल उचलून तळवा बघितला, तिथं खडा रुतला होता.