निरोगी मूत्रपिंडं बघायला गेलेली डॉक्टर

मथुरा डोर्लेकर पूर्णगडची. वडील आत्माराम मालवाहू बोटीवर नोकरीला, वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. घर, आंब्याची कलमं आणि दोन मुलींची शाळा आईने, यमुनाबाईंनी सांभाळली. धाकटी लग्न होऊन देवगडला गेली. मथुरा एम. डी. होऊन रत्नागिरीच्या एका खाजगी इस्पितळात एक्स-रे विभागात रुजू झाली. गावात तिची ओळख ‘फोटो काढणारी डॉक्टरीण’ अशी होती. यमुनाबाई ती दुरुस्त करायच्या नाहीत. त्यांच्या मते ती बरोबरच होती.

पंच्याऐंशी साली इस्पितळाने सोनोग्राफीचं मशीन घ्यायचं ठरवलं. तोवर रत्नागिरीच्या रोग्याला त्यासाठी कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागे. मशीन विकत मिळत होतं, ते वाचणारा माणूस मिळत नव्हता. म्हणून मथुराला वर्षभराच्या खास प्रशिक्षणासाठी मुंबईच्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं.

तिथे विभागप्रमुख डॉ. टिपणीस. उंच, कमी बोलणारे, सतत पान खाल्ल्यासारखे ओठ मिटून बसणारे. त्यांचा एकच आग्रह असे. पडद्यावर काही दिसलं की विद्यार्थी लगेच रोगाचं नाव घ्यायचे, आणि सर त्यांना अडवायचे. “नाव मागाहून. आधी काय दिसतं ते सांगा. कुठे आहे, केवढं आहे, आजूबाजूच्यापेक्षा काळं की पांढरं?” एम. डी. झालेल्या माणसाला हे पहिलीच्या वर्गात बसवल्यासारखं वाटे. मथुरालाही वाटलं. पण महिन्याभरात तिच्या लक्षात आलं, की एक्स-रेची फिल्म समोर टांगलेली असते, सावकाश बघता येते. इथे मात्र हात जिथे फिरेल तेवढंच दिसतं. जिथे हात गेला नाही, ते नसल्यासारखंच. आणि नाव आधी घेतलं, की हात तिथेच थांबतो.

दिवाळीनंतर भातकापणी उरकून यमुनाबाई लेकीकडे राहायला आल्या. परळच्या खोलीत दिवसभर एकट्या बसून कंटाळल्या आणि एक दिवस जेवणाचा डबा घेऊन थेट विभागात हजर झाल्या. दुपारी रोगी नसत. तेव्हा शिकणारे डॉक्टर एकमेकांना टेबलावर झोपवून सराव करत.

“मला पण बघ की,” यमुनाबाई म्हणाल्या. “तुझा अभ्यास पण होईल.”

त्या टेबलावर झोपल्या. गार जेली लागताच हसल्या. मथुराने यकृत पाहिलं, पित्ताशय पाहिलं. मग उजवं मूत्रपिंड. त्याच्या खालच्या टोकाला लिंबाएवढा गोळा होता. कडा ओबडधोबड, आत कुठे काळं, कुठे करडं. तिने हात काढला, पुन्हा ठेवला. गोळा तिथेच होता.

“काय गो, एवढा वेळ काय बघतेस?”

“काय नाही. मशीनवर नीट दिसत नाहीये. थांब, सरांना बोलावते.”

टिपणीस आले. पेशंट कोण हे त्यांना माहीत होतं. तरी ते मशीनपाशी बसले नाहीत, उभेच राहिले. “सांगा, डोर्लेकर.”

मथुराने सांगितलं. कुठे, केवढं, काळं की पांढरं. सगळं इंग्रजीत, आईला कळू नये म्हणून. शेवटी नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ती पुन्हा मापच सांगू लागली. सरांनी नाव विचारलं नाही. त्यांनी तिच्या हातातून पोटावर फिरवायचा प्रोब घेतला आणि पुढची तपासणी स्वतः पुरी केली.

संध्याकाळी खोलीवर यमुनाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, “आता मराठीत सांग.”

मथुराने सांगितलं. कॅन्सर असावा, मूत्रपिंड काढावं लागेल, दुसरं चांगलं आहे, एकावर माणूस जगतो.

“दुखत नाही, खुपत नाही, तरी काढायचं?”

“दुखायला लागल्यावर उशीर होतो.”

यमुनाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “तर काढा. तुझ्या बाबांना मात्र तार करू नको. बोटीवरून त्यांना येता येणार नाही, नुसते जळत बसतील.”

शस्त्रक्रिया झाली. गाठ कॅन्सरचीच निघाली, पण मूत्रपिंडाबाहेर गेलेली नव्हती. यमुनाबाई महिनाभर लेकीकडे राहून पूर्णगडला परतल्या. आत्माराम रजेवर आले तेव्हा त्यांना कळलं. ते एवढंच म्हणाले, “तुम्ही दोघींनी मला परक्यासारखं वागवलंत.” यमुनाबाई त्यांचं ताट वाढायला उठल्या.

पुढल्या वर्षी मथुरा रत्नागिरीला परतली. मशीन आलं. राजापूर, लांजा, संगमेश्वरहून एस. टी.ने माणसं येऊ लागली. काम ठीक चाललं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या स्वतःच्याही लक्षात आली नव्हती. कुणाचंही मूत्रपिंड समोर आलं, की तिचा हात तिथेच अडकून पडे. पोटदुखीचं कारण दुसरीकडे सापडलं तरी ती पुन्हा मूत्रपिंडाकडे वळे.

पावसाळा संपता संपता लांज्याचा महिपत आला. काजूच्या कारखान्यात कामाला, वय चाळिशीचं, कंबरदुखीची तक्रार. त्याच्या डाव्या मूत्रपिंडात मधोमध मथुराला फुगवटा दिसला. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि त्याला सांगितलं, “इथे गाठ असावी. मुंबईला जाऊन टिपणीस सरांना दाखवा. वेळ लावू नका.” सरांच्या नावाने चिठ्ठीही दिली.

पंधरवड्याने महिपत परत आला. रोग्यांच्या खुर्चीत न बसता उभाच राहिला.

“बाय, तुमच्या सरांनी बघितलान. बोलले, काय नाय. मूत्रपिंड असाच असता कुणाकुणाचा.”

मथुराने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

“मी मराया लागलो म्हणून घरात सगळी धाय मोकलून रडत होती. आमच्या पोरीचा साखरपुडा ठरलेला, तो पोराकडच्यांनी पुढं ढकलला. म्हातारी आयस जेवली नाय. चांगला झाला, गाठ नाय. पण तुमी असा कसा बोललाव?”

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मला गाठ वाटली. मी घाई केली.”

ती वाद घालेल अशी महिपतची तयारी असावी. तो मान हलवून निघून गेला.

आठवड्याभरात तिने रजा टाकली आणि रातराणी एस. टी.ने मुंबई गाठली. टिपणीस सरांनी महिपतच्या तपासणीची फिल्म काढून तिच्यापुढे ठेवली.

“काय दिसतं?”

“फुगवटा. पण आजूबाजूच्या भागासारखाच रंग. कडा सरळ. बाहेरचा आकार बिघडलेला नाही.”

“मग त्या दिवशी काय दिसलं होतं?”

“आईची गाठ,” ती म्हणाली.

सरांनी फिल्म बाजूला केली. “तुम्ही रोगी मूत्रपिंड फार जवळून पाहिलंत. निरोगी पुरेशी पाहिली नाहीत. ती पाहा.”

मग पुढचे काही आठवडे मथुरा रोज दुपारी सरांच्या विभागात बसली. वॉर्डबॉय, नर्स, रोग्यांबरोबर आलेले नातेवाईक, जे तयार होतील त्यांची मूत्रपिंडं तिने पाहिली. कुणाचं लांबट, कुणाचं गाठाळ दिसणारं, कुणाचं खाली सरकलेलं, आणि सगळी ठणठणीत. सर मध्येच येत, एखादा प्रश्न विचारत आणि निघून जात.

रत्नागिरीला आल्यावर तिचं काम पूर्वीसारखं सुरू झालं. पण आता शंका आली तर ती रोग्याला “शंका आहे” एवढंच सांगे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून ताज्या नजरेने बघे. लोकांना हे खटके. दोन खेपा घालाव्या लागतात म्हणून काही जण कुरकुरत. एका सर्जनने तर तोंडावर म्हटलं, “डॉक्टर, तुम्ही ठामपणे काही सांगतच नाही.” ती म्हणाली, “ठाम असेन तेव्हा सांगते.”

महिपत तिच्याकडे पुन्हा आला नाही. लांज्याहून येणाऱ्या कुणाकडे ती त्याची चौकशी करी. मुलीचं लग्न झालं, जावई रत्नागिरीच्या बंदरात नोकरीला आहे, असं एकदा कळलं.