संघातून बाहेर पडणारे मामा

स्वातंत्र्याचं वेड माझ्या मामांइतकं अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला लागलेलं मी पाहिलं नाही. पंगतीत ते रांगेत बसत नसत, वेगळं पान मांडून घेत. वऱ्हाडाच्या जीपमध्ये जागा असली तरी मागून सायकलने येत, अक्षता पडून गेल्यावर पोचत आणि वर म्हणत, "आपल्या वेळंनं आलो."

मामा गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटी तालुक्याच्या दूध संघाची सभासद, आणि हा संघ मामांच्या डोळ्यात कायम सलायचा. संघाची गाडी सहाला येते म्हणून आमच्या म्हशींनी त्यांच्या घड्याळावर पान्हा सोडायचा का, असा त्यांचा सवाल. "म्हैस आमची, दूध आमचं, आन् ते पातळ हाय का दाट हे सांगनार ह्यांचं डबडं!" मात्र संघाचा जनावरांचा डॉक्टर गावात आला, की मामा त्याला पहिल्यांदा स्वतःच्या गोठ्यात नेत. ते त्यांच्या मते संघाचं कर्तव्यच होतं.

इंग्लंडने युरोपच्या संघातून बाहेर पडायचं ठरवलं, तेव्हा मामांनी सिरसाळ्याहून पेढे आणून पारावर वाटले. "शेवटी एका गावाला तरी अक्कल आली," म्हणाले. पुढे ते बाहेर पडणं रेंगाळत गेलं आणि मामा रोज पेपर उघडून कासावीस होऊ लागले. "निघायचं ठरलं, तर दारात काहून उभे हायेत हे?"

वार्षिक सभेत शेवटचा ठराव मामांचाच असे: संघातून बाहेर पडावे. तोवर बाहेर शिऱ्याचा वास सुटलेला असे. सभासद काही न ऐकता "मंजूर, मंजूर" म्हणत पंगतीकडे धावत. म्हातारे सेक्रेटरी ठराव सुवाच्य अक्षरात लिहीत आणि कपाटात ठेवून देत. तीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग ते निवृत्त झाले. नवा सेक्रेटरी कामाला चोख निघाला. त्याने ठराव रजिस्टर पोस्टाने संघाला पाठवून दिला. आठवड्यात उत्तर आलं. "ठराव मान्य. कळावे."

त्याच साली पावसाने दगा दिला. संघाने सभासद गावांसाठी चारा छावणी उघडली. आमची जनावरं तेवढी वाळक्या धसकटांपाशी उभी राहिली. गाव मामांशी बोलेनासं झालं. एके दिवशी त्यांची लाडकी म्हैस बसली, ती उठेचना.

दुसऱ्या सकाळी मामा मला घेऊन संघाच्या कचेरीकडे निघाले. अर्जात त्यांनी परत येण्याच्या आठ अटी घातल्या होत्या. वाटेत एकेक खोडत गेले. पोचलो तेव्हा विनंतीची एक ओळ आणि खाली सही उरली होती. संघाचे अध्यक्ष सभ्य माणूस. त्यांनी चहा पाजला, शिक्का मारला आणि उद्यापासून जनावरं आणा म्हणाले.

बाहेर येऊन मामा लिंबाखाली बसले, ते उठायला तयार होईनात.

"मामा, झालं की काम," मी म्हणालो. "आता काय ऱ्हायलं?"

"तीस वर्सं ह्यांच्यात काढली रे," मामा म्हणाले. "जातो मनल्यावर एकदा तरी 'नका जाऊ' मनायचं व्हतं."

एरवी मी हसलो असतो. पण त्यांच्याकडे बघून मला लई माया दाटून आली, आणि मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.