पंपाजवळची चप्पल

मुरुडजवळच्या आमच्या घरी, मागच्या अंगणात, पंपाशेजारच्या कोनाड्यात एक रबरी चप्पल कायम असायची. ती घरातल्या कुणाची नव्हती, पंपाची होती. पंपाला हात लावायचा तर आधी ती पायात घालायची, नाहीतर झिणझिण्या यायच्या, संध्याकाळी तर हमखास. पाहुणा हातपाय धुवायला मागे गेला की आई आधी चप्पल दाखवायची, मग पाणी. आम्हाला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं. नांदेडला आयटीआयत वायरमनचं काम शिकले तेव्हा कळलं, इतकी वर्षं आपण आईला दोन रबराच्या तुकड्यांच्या भरवशावर सोडलंय. त्या दिवशी मला माझीच चीड आली.

यंदा सुट्टीला जाताना मागच्या भागासाठी वेगळा छोटा बोर्ड घेऊनच गेले. पंप, गोठा आणि न्हाणीघर मेन बोर्डावरून काढून यावर घ्यायचं. करंट कुठं गळाला की आपोआप पडणारा स्विचही त्यात होता. वडिलांना, म्हणजे अप्पांना, हे पटेना. घरची सगळी वायरिंग त्यांच्या हातची.

"इतकी वर्षं झाली, कोण मेलं का?"

"मग मरायची वाट बघायची का?" मीही त्यांचीच लेक.

सकाळी मेन स्विच पाडला आणि फ्यूजचा कटआऊट काढून ओढणीच्या गाठीत बांधला, कारण अप्पा मधेच वीज चालू करणार नाहीत याचा भरवसा नव्हता. टेस्टरनं खात्री केली, मगच वायरीला हात लावला. न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरींची पट्टी वेगळी, अर्थिंगची वेगळी, या दोघींची गाठ या बोर्डात पडू द्यायची नाही हे सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं. अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा पडला होता, तो कोळसा-मीठ घालून नवा केला. दुपारी पंप सुरू झाला आणि मी ऐटीत चहा मागवला.

संध्याकाळी अप्पांनी गोठ्यातला दिवा लावला आणि नवा स्विच टक्कन पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला.

"आमच्या कटआऊटनं कधी असा दगा दिला न्हाई," अप्पा शेजारी ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. "तुझं नवं लई नाजूक हाय."

माझं डोकंच फिरलं. मेन पाडून, टॉर्च घेऊन दिव्याच्या वायरीमागे निघाले. एक वायर बरोबर होती. दुसरी न्यूट्रलला जायची सोडून पंपाच्या अर्थिंगच्या तारेला पिळून बांधलेली. म्हणजे दिवा लागला की करंट त्या तारेत यायचा, आणि खड्डा कोरडा असल्यानं जमिनीत न जाता पंपाच्या अंगावर उतरायचा.

"हे कुणी केलं?" विचारलं, पण उत्तर मला ठाऊक होतं.

"वायर कमी पडली व्हती. दिवा तर लागून राहिला व्हता की."

"हाव, दिवा लागायचा अप्पा. अन् आईला झिणझिण्या त्याच्यानंच यायच्या."

अप्पांनी पुढे होऊन माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि मी नवी न्यूट्रल ओढेपर्यंत धरून उभे राहिले, उजेड कुठं पाडायचा यावर वाद न घालता. आमच्या घरात हे नवीनच होतं.

मग दिवा लावला. स्विच जागेवर राहिला. टेस्टचं बटण दाबून तो वेळेला पडतो हेही पाहिलं, मग तो परत वर केला आणि दिवा चालू असतानाच मीटर लावून पंपाचं अंग तपासलं. मला माझा अभिमान वाटला, त्यात लाजायचं काय? आईला हाक मारली. ती भांडी टाकून ओल्या पायांनी आली आणि सवयीनं कोनाड्याकडे वळली.

"चप्पल नको, आई."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. अप्पांनी पायातलं काढलं, ओल्या फरशीवर उभं राहून बंद पंपावर पंजा ठेवला आणि म्हणाले, "ये. लेकीनं केलंय."

आई अनवाणी पुढे आली. इतक्या वर्षांत तिनं पंपाला बोटाच्या टोकापलीकडे हात टेकवला नव्हता. आता सगळा तळवा ठेवला, आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला.

"गार हाय की गं," ती म्हणाली.