आपांचं तळं

"घाई करू नका, शेवटची मी आहे." हे वाक्य आपा दिवसातून दहादा तरी म्हणायच्या, आणि म्हणताना पुढच्या माणसाची पाठ हलकेच थोपटायच्या. मंडईत कांदे निवडत बसलेल्या बाईला, बसमध्ये चढताना धापा टाकणाऱ्या आजोबांना, पर्वतीच्या पायऱ्यांवर आम्हाला. रविवारी सकाळी पर्वतीवर जात असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक, मे महिन्यातसुद्धा डोक्याला नारिंगी लोकरी टोपी, आणि पुढे आम्हा दहाबारा जणांची फरफट.

खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्या तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होत्या. माल बाहेर पडण्याआधी शेवटचा हात त्यांचा. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी बसून लोणची घालावीत अशी त्यांच्या भावांची फार इच्छा होती. त्यांनी दरवर्षी लडाखमधल्या एका बर्फाच्या शिखरावर पुण्याची माणसं न्यायला सुरुवात केली. लोणची शेवटी भावांनी घातली की काय, ते मला माहीत नाही.

मी टेलिफोन ऑफिसात नोकरीला, राहायला त्यांच्या मागच्याच गल्लीत. मला मेलीला पुढे राहायची भारी खोड. रांगेत माझ्यापुढे चार माणसं दिसली तरी माझं डोकं तापतं. पर्वतीही मी सगळ्यांच्या आधी चढायची आणि वर घड्याळ बघत उभी राहायची. आपा सर्वांत शेवटी यायच्या, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "बक्षीस समारंभ संध्याकाळी आहे. बसा आता."

त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा लडाखला गेले ते असंच, पुढे राहण्याच्या हौसेनं. सहा दिवसांची चढाई. आधी बेस कॅम्प, मग वरचा कॅम्प, मग शिखर. वाट दाखवायला तिथला गाइड सर्वांत पुढे आणि आपा सर्वांत मागे. नियम एकच होता. कोणी परत फिरलं तर आपा त्याच्याबरोबर खाली उतरणार, बाकीचे गाइडबरोबर वर जाणार. रोज जेवताना आपा आम्हाला शिखराचं वर्णन ऐकवायच्या. शेवटचा चढ संपला की एकदम पलीकडचं दिसतं, तपकिरी डोंगर, आणि डावीकडे आंब्याच्या आकाराचं हिरवंनिळं तळं. ते ऐकताना आम्ही पायांचं दुखणं विसरायचो.

शिखराच्या दिवशी आमच्यातल्या एका प्राध्यापिकाबाईंना उलट्या सुरू झाल्या. आपा त्यांना घेऊन मागे फिरल्या. मी अर्थातच गाइडच्या पाठोपाठ सगळ्यांच्या आधी वर पोचले. काय सांगू, रडूच आलं. डोळे पुसले आणि डावीकडे पाहिलं. तिथे नुसते दगड. तळं होतं, हिरवंनिळं, अगदी आंब्यासारखं, पण उजवीकडे. गाइडला विचारलं, वर यायला दुसरी वाट आहे का? तो म्हणाला, वाट ही एकच. आणि आपा तर वर कधीच आलेल्या नाहीत, दरवर्षी कोणीतरी मागे फिरतं, हेही त्यानं सहज सांगून टाकलं.

उतरताना माझा पारा चढलेला. आम्हाला फसवलं म्हणजे काय! कॅम्पवर आले तर आपा प्राध्यापिकाबाईंचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसलेल्या. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "आपा, तळं उजवीकडे आहे."

त्यांचे हात जरा थांबले. "वरून आलेले माझ्यासमोर बसून हातानं दाखवायचे," त्या म्हणाल्या. "त्यांचा उजवा तो माझा डावा झाला. बरं झालं सांगितलंत. इतकी वर्षं चुकीचा माल बाहेर जात होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वर गेलो होतो असं त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. आम्हीच कधी विचारलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी विचारलं, वाईट नाही वाटत? वाटतं की, दरवर्षी वाटतं, त्या म्हणाल्या. पण आजारी माणसाला डोंगरावर एकटं सोडून कसं चालेल? गुडघ्याच्या डॉक्टरांनी चढायला आता एकच वर्ष दिलंय, हेही त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

ते वर्षभर मी पर्वती सगळ्यांच्या मागून चढले. तुम्हाला हसू येईल, पण मला ते शिखरापेक्षा अवघड गेलं.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच बर्फाचा उतार. एक सॉफ्टवेअरवाली मुलगी मटकन खाली बसली. डोकं फुटतंय म्हणाली. आपा सवयीनं तिच्याकडे वळल्या. मी आडवी गेले.

"आपा, तुम्ही पुढे व्हा. शेवटची मी आहे."

"तुम्ही? तुम्हाला बसच्या रांगेत धड उभं राहवत नाही."

"वर्षभर शिकतेय. आणि माझं तळं बघून झालंय."

मग त्यांनी मला तपासणीच्या टेबलावर घेतलं. पाणी किती आहे, दोर कुठे आहे, सगळं विचारलं. कॅम्प तिथून खाली दिसत होता, तरी वाट माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

"आणि ही मध्येच बसली तर?"

"मीही बसेन. ओढणार नाही."

आपांनी माझी पाठ थोपटली आणि त्या निघाल्या. मी त्या मुलीला धरून उतरत होते, आणि दर दहा पावलांनी मागे वळून नारिंगी टोपी कुठवर गेली ते बघत होते.

आपा जाऊन आता तीन वर्षं झाली. रविवारी पर्वतीवर मी सगळ्यांच्या मागे असते आणि मला त्यांची फार आठवण येते. आठवतात त्या त्याच दिवशीच्या आपा. दुपारी त्या खाली आल्या तेव्हा मी त्या मुलीचे पाय चोळत बसले होते. आपांचे ओठ फुटले होते, डोळे लाल झाले होते. मी विचारलं, काय दिसलं? त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. दुखऱ्या गुडघ्यांनी वळसा घालून माझ्या शेजारी आल्या, माझ्यासारखंच शिखराकडे तोंड करून बसल्या आणि मग उजवा हात उचलला.

"तळं इकडे," त्या म्हणाल्या.